काटेवाल्याच्या घरचा काटा

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टपाल कचेरीच्या फरशीवर आडवा पडलेला होता आणि त्याचा कान पार्सलच्या काट्याला टेकलेला होता. रांगेतली माणसं त्याचे पाय ओलांडून जात होती. पार्सलच्या खिडकीवर ती नवीनच लागली होती. तिला वाटलं, कुणाला तरी भोवळ आली. पाण्याचा पेला घेऊन ती धावत बाहेर आली, तर त्याने डोळे न उघडताच हात वर केला.

"जरा थांबा. बोलतोय."

"कोण बोलतंय?"

"काटा."

ती पेला धरून तशीच उभी. मग तो उठला, कपडे झटकले, लाकडी पेटीतून मखमलीत गुंडाळलेली पितळी वजनं काढली आणि न्हाऊ घातलेलं मूल पुसावं तसं एकेक पुसून काट्यावर मांडलं. "तुमचा काटा खोटं बोलतो," तो म्हणाला, "पण रोज तेच खोटं बोलतो. असल्याला वळणावर आणता येतं." एवढं बोलून त्याने तिच्या हातातलं पाणी पिऊन टाकलं.

त्या वर्षी कचेरीचा काटा जेवढ्या वेळा बिघडला तेवढ्या वेळा आधी कधी बिघडला नव्हता. पोस्टमास्तरांनी शेवटी विचारलंच, "पार्सलबाई, काटा बिघडतो की कुणी बिघडवतं?" ती मान खाली घालून शिक्के मारत राहिली. लग्न ठरलं तेव्हा त्याने तिला अंगठी दिली नाही. हाताने घडवलेला एक चिमुकला पितळी तराजू दिला, सोनाराच्या दुकानात असतो तसा. "यात मी काय तोलू?" तिने विचारलं. "तुला हवं ते," तो म्हणाला. संसाराची सगळी वर्षं तो तराजू तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत होता.

त्याचं काटेदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. दाराशी एक उंच लोखंडी काटा, पायाखाली चौथरा आणि छातीच्या उंचीवर आडवी पट्टी. पट्टीवर एक वजन सरकवायचं, पट्टी अधांतरी तोलली गेली की आकडा वाचायचा. येणाजाणाऱ्याला त्यावर फुकट उभं राहता येई. गल्लीतली बाळंतपणं, आजारपणं, लग्नाआधीच्या मुलींचं वाळणं आणि लग्नानंतरचं फुगणं, सगळं त्या काट्याने पाहिलं होतं. कुणी दवाखान्यातलं वजन सांगितलं तर लोक म्हणत, "ते राहू दे, काटेवाल्याकडे किती भरलं?"

काटेवाला बोलायला कमी. मस्करी मात्र न हसता करायचा. त्याची थोरली बहीण वरच्या मजल्यावर एकटी राहायची. ती एकदा काट्यावर चढली आणि आकडा ऐकून चिडली. हा शांतपणे म्हणाला, "आक्का, काट्याला माफ कर, तो तुला लहानपणापासून ओळखत नाही." आक्काने चप्पल काढली होती.

पन्नाशीनंतर एकदा त्याच्या छातीत दुखलं. तसं काही निघालं नाही, पण रक्तात कोलेस्टेरॉल निघालं, दोनशे साठच्या वर. डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली, तेल-तूप जपून म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. तिच्या दृष्टीने तिथे सुरू झाला. तिचे वडील सकाळी न्याहारी करता करता गेले होते. घास हातात होता आणि समोर ती बसली होती, अकरा वर्षांची. हृदयाच्या नळ्या चरबीने बुजल्या होत्या असं पुढे कुणीतरी बोललं, आणि ते वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं ते उठलंच नाही.

त्या दिवसापासून खिडकीतला तराजू कामाला लागला. फोडणीचं तेल ती त्यात तोलून घेऊ लागली. लोणी घरातून हद्दपार झालं. दुधावरची साय मांजरीला. अंड्यातला पिवळा बलक काढून टाकायची आणि पांढरं तेवढं त्याच्या पानात. आक्का वरून वास घ्यायची आणि खाली येऊन टोमणा मारायची. "काय गं वहिनी, आज माझ्या भावाला गवत उकडलेलं की कच्चं?"

"वन्सं, तुमचा भाऊ मला म्हातारा झालेला बघायचाय."

"अशाने तो वर्षभरातच म्हातारा दिसेल."

तो मुकाट्याने खायचा. कधीतरी भाजीचं पाणी चमच्याने ढवळत म्हणायचा, "यात तेल आहे म्हणतेस, पण मला पत्ता लागत नाही. भिंग आणू का?" पण त्याने कधी पान लोटलं नाही. आकडा खाली आला, दोनशेच्या आत. तपासणीचा कागद हातात आला की ती परीक्षेत पहिली आल्यासारखी घरी यायची.

आणि मग खोकला आला. सिगारेट त्याने लग्नाच्या वर्षीच सोडली होती. खोकल्याला त्याचं काही नव्हतं. दोन महिने औषधाच्या बाटल्या झाल्या, नंतर फोटो, नंतर घशातून नळी घालून काढलेला तुकडा. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, आणि कापून काढण्यापलीकडे गेलेला. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या होत्या, बारा महिने सर्दी असल्यासारख्या आवाजात बोलायच्या. "केमो देऊन बघू," त्या म्हणाल्या. "दर तीन आठवड्यांनी. त्याला अंगात ताकद लागते. वजनावर लक्ष ठेवा."

ते वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं. वजनावर लक्ष ठेवायचं! तिच्या घरी नाही तर आणखी कुणाच्या घरी जमणार ते? दर रविवारी सकाळी तो काट्यावर चढायचा, ती पट्टीवरचं वजन बोटाने सरकवायची आणि आकडा मोठ्याने वाचायची. सुरुवातीला अठ्ठावन्न होता. पहिल्या केमोनंतर सत्तावन्न. नंतर छप्पनवर आला आणि तिथे थांबला. केस गेले, चव गेली, गालांच्या खोबणी झाल्या, सदरा खुंटीला टांगल्यासारखा त्याच्या अंगावर लोंबू लागला, तरी आकडा छप्पन.

"सदरा सैल झालाय हो," ती म्हणायची.

"धुण्याने ताणला असेल," तो म्हणायचा.

तिने विश्वास ठेवला. काटा त्याने स्वतः लावलेला होता. त्याहून वेगळा पुरावा त्या घरात कधी कुणी मागितला नव्हता.

तिचं स्वतःचं वजन मात्र वाढत चाललं होतं. त्याच्यानंतर ती काट्यावर चढायची आणि आकडा बघून शरमून उतरायची. चौसष्ट किलोची ती सत्तरावर गेली. नवरा केमो घेतोय आणि आपण फुगतोय! तिने रात्रीचं जेवण सोडलं, सकाळचं अर्ध्यावर आणलं. तो पानावरून बघायचा. "घे की अजून."

"नको. तुमच्या वाट्याचं माझ्याच अंगी लागतंय."

त्यावर त्याने एकदा तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलण्यासाठी. मग खोकल्याची उबळ आली आणि ते राहिलं.

दर केमोच्या आधी जवळच्या लॅबमध्ये रक्त द्यावं लागे. रुग्णालयाला पेशींची मोजदाद हवी असायची. ती लॅबवाल्याला दर वेळी सांगायची, "त्यातच कोलेस्टेरॉलपण बघा हो." ते रुग्णालयाने मागितलेलं नसे, त्यामुळे त्याचा कागद वेगळा यायचा आणि तो तिच्या पर्समध्येच राहायचा. आकडा पळत सुटला होता. एकशे साठ. एकशे छत्तीस. चौथ्या केमोच्या आधी एकशे बारा. इतकी वर्षं तराजूत थेंब थेंब तोलून जे जमलं नव्हतं ते आता आपोआप होत होतं. कॅन्सरपुढे तिचं काही चालत नव्हतं, पण हे एक मैदान तिने मारलं होतं. तिने जिन्यातूनच आक्काला कागद दाखवला.

"एकशे बारा, वन्सं! तरण्या पोराचंसुद्धा नसेल."

आक्काने चष्मा वर करून कागदाऐवजी दारातून दिसणाऱ्या भावाकडे पाहिलं. 

रुग्णालयात वजन घ्यायची खोली वेगळी होती. दर वेळी तो तिला सांगायचा, "तू औषधाच्या रांगेत उभी राहा, नाहीतर नंबर जाईल. मी वजन करून येतो." चौथ्या केमोच्या दिवशी मात्र जिन्याशीच तो खाली बसला. शिपायाने चाकांची खुर्ची आणली, आणि रांग सोडून ती खुर्चीबरोबर गेली. तो म्हणाला, "नंबर जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे."

नर्सने त्याला दंडाला धरून काट्यावर उभं केलं. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. एकोणपन्नास.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचा काटा बिघडलाय."

"नाही हो काकू. सकाळपासून सगळ्यांचं यावरच करतेय."

"मग सगळ्यांचंच चुकलं असेल. अहो, यांचा जन्म गेला काट्यांत. घरचा काटा यांनी स्वतः लावलाय. परवाच छप्पन भरले हे. अहो, सांगा ना यांना! कान लावून बघा एकदा."

तो काट्यावरून उतरला. खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. नर्सने तिला समजवायला म्हणून कागद पुढे केला. "मागच्या वेळी एक्कावन्न होतं. त्याच्या मागे चौपन्न. इथे लिहिलंय बघा."

"थांबा," ती म्हणाली आणि चपला काढून स्वतःच त्या काट्यावर चढली. परवा घरी ती एकाहत्तर भरली होती. इथेही साधारण तेवढं दिसलं की प्रश्न मिटला असता. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. बासष्ट.

ती उतरली नाही. मागे रांगेत कुणीतरी "अहो बाई" म्हणालं. ती आकड्याकडे बघत होती. एकोणपन्नासचे छप्पन आणि बासष्टचे एकाहत्तर. रोज तेच खोटं. तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा त्याने मान वर केली होती. आणि त्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचायला तिला कुठलीही पट्टी सरकवावी लागली नाही.

मग डॉक्टरीणबाईंची खोली. त्यांनी फोटो पाहिले, वजन पाहिलं, नाक पुसलं. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, कुठलंही. तिने पर्समधून कागद काढले. "वजनाचं मला माहीत नव्हतं. पण कोलेस्टेरॉल मी खाली ठेवलंय, डॉक्टर. बघा ना, एकशे बारा."

बाईंनी तिन्ही कागद ओळीने मांडले आणि बराच वेळ पाहिले. "गोळी अजून चालू आहे? आणि जेवण?"

"बिनतेलाचं. थेंबसुद्धा जास्त जाऊ देत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही जे केलंत ते तेव्हा बरोबर होतं. आता त्यांचं शरीर स्वतःलाच जाळतंय. खाणं पोटात जात नाही आणि आजार आतलं ओढून घेतो. अशा वेळी कोलेस्टेरॉल घसरतं. केमो चालू असताना ते वजनाबरोबर असं घसरत गेलं, तर आम्हाला चांगलं वाटत नाही. अशा रोग्यांना औषध कमी झेपतं, आणि बहुतेकांच्या हाती दिवसही थोडे असतात."

"म्हणजे मी कमी केलं म्हणून..."

"नाही. तुमच्यामुळे कॅन्सर वाढला नाही. आकडा हा धूर आहे, आग नाही. आणि एका आकड्यावरून एका माणसाचं भविष्य मी सांगणार नाही. पण वजन मी सोडू शकत नाही." त्यांनी गोळीवर आडवी रेघ मारली. "ही बंद. लोणी द्या, साय द्या, अंडं पूर्ण द्या, त्यांना जे गिळवेल ते. आजची केमो मी देत नाही. तीन आठवड्यांनी या. वजन चढलं, निदान टिकलं, तर देऊ. आणखी उतरलं तर केमो थांबवावी लागेल. मग औषधच त्यांना आधी संपवेल."

"आणि हृदय?" तिने विचारलं. सवयीने विचारलं.

बाईंनी तिन्ही कागद तिला परत दिले. "हृदयाची काळजी आता नको, काकू," एवढंच म्हणाल्या.

रिक्षाने ते घरी आले. दुपारचं ऊन दुकानाच्या दारातून काट्याच्या चौथऱ्यावर पडलं होतं. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि अवजारांची पेटी त्याच्या पायाशी आणून ठेवली.

"आधी काटा."

"जरा पडू का?"

"आधी काटा."

त्याने पट्टीवरचं सरकतं वजन काढून उलटं केलं. तळाशी मेणाने बुजवलेलं भोक होतं. त्या वजनाच्या पोटात शिसं भरलेलं असतं. ते त्याने थोडं थोडं कोरून काढलं होतं. वजन हलकं झालं की ते पट्टीवर जास्त पुढे सरकवावं लागतं, आणि उभा राहणारा माणूस आहे त्याहून जड दिसतो. रिकाम्या काट्याला संशय येऊ नये म्हणून मागचा नटही त्याने बेतात फिरवला होता. कामात कुठे खोड काढायला जागा नव्हती. कोरलेलं शिसं त्याने फेकलं नव्हतं. एका डबीत जपून ठेवलं होतं.

"कधीपासून?"

"पहिल्या केमोनंतर. पहिल्यांदा किलोभरच होतं." दम लागल्यामुळे तो तोडून तोडून बोलत होता. "त्या रविवारी तू आकडा वाचलास आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसलीस. पुढच्या रविवारी छप्पन वाचलंस, तर दुपारी झोपलीस. घोरलीसपण."

"आणि मी जेवण सोडलं ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग?"

"तुझं खरं सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं."

तिला ओरडायचं होतं. तेवढ्यात तिची नजर आतल्या दारातून दिसणाऱ्या, खिडकीतल्या पितळी तराजूकडे गेली. बिनतेलाची भाजी आणि बलक काढलेली अंडी याला आपण तोलून तोलून घातली, हा मुकाट खात राहिला. तिने शिशाची डबी उचलली. "सांगा, कसं भरायचं?"

त्याने सांगितलं. स्टोव्हवर पळीत शिसं वितळवताना तिनेच पळी धरली, तो स्टुलावरून सांगत राहिला. गार झाल्यावर त्याने मखमलीतली वजनं एकेक करून काट्यावर ठेवायला लावली, कान लावला, कानशीने कणभर घासलं, पुन्हा कान लावला. अडीच तास गेले. मग तो काट्यावर चढला आणि तिने वजन सरकवलं. "एकोणपन्नास," तिने मोठ्याने वाचलं. त्यानंतर ती चढली आणि त्याने वाचलं, "बासष्ट. जेव आता."

आक्का खाली आली ती लोण्याचा गोळा घेऊनच. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण जिन्यातून स्टोव्हवर शिसं वितळताना पाहिल्यावर तिने काय ते ओळखलं होतं. "इतकी वर्षं लपवून खात होते," ती म्हणाली. "आता उघड खाऊ या सगळ्यांनी."

ते तीन आठवडे घरात फक्त खाण्याचं बोलणं होतं. ती दोन बलक दुधात फेटायची, बटाट्यात लोणी कालवायची, तासातासाला वाटी पुढे करायची. तो चमचा तोंडात धरून बसायचा. गिळायचा, आणि बऱ्याचदा ते तसंच परत यायचं. ती फरशी पुसायची आणि नवी वाटी भरायची. एकदा तो म्हणाला, "आधी भूक होती तेव्हा लोणी नव्हतं." लगेच तिचा चेहरा बघून पुढे म्हणाला, "अगं, मस्करी." ती हसली. हसायचं ठरवूनच हसली. दुसऱ्या रविवारी आकडा अर्ध्या किलोने चढला, तेव्हा तिने पट्टी तीनदा तपासली. आणि नंतर पेटीतलं मोठं वजन काट्यावर ठेवून बघितलं, काटा पुन्हा खोटं तर बोलत नाही ना म्हणून. तो स्टुलावरून बघत होता. "आता कशाला बोलेल," तो म्हणाला.

तिसऱ्या रविवारी सत्तेचाळीस भरला. तिने आकडा वाचला. आहे तोच, नेहमीएवढ्याच मोठ्याने.

रुग्णालयातल्या लाल आकड्यांनीही तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी केमो थांबवली. दुखण्याची आणि दम लागण्याची औषधं लिहून दिली, घराजवळच्या नर्सचा फोन दिला आणि दारापर्यंत खुर्चीबरोबर चालत आल्या. कोलेस्टेरॉलचा कागद तिने या वेळी आणलाच नव्हता.

दुकानाला आता कुलूप नसतं, पण दुरुस्तीला काही येत नाही. त्याची खाट पुढच्याच खोलीत काट्याशेजारी टाकली आहे. गल्लीतलं कुणी अजूनही वजन करायला आलं की तो उशीवरूनच आकडा ऐकतो. दुपारी ती जेवून घेते तोवर आक्का त्याच्यापाशी बसते. रविवारी त्याला धरून उभं करावं लागतं, म्हणून ती त्याच्यासकट काट्यावर चढते, आणि मग स्वतःचं वजन वजा करते. गेल्या रविवारी तो पंचेचाळीस भरला, ती त्रेसष्ट.